एका वेळी एकच देश

मी कवी माणूस. बी.ए. झालो तेही मराठी घेऊन. विम्याचा कागद समोर आला की अक्षरं फार बारीक आहेत अशी सबब सांगून तो बायकोकडे सरकवणाऱ्यांपैकी मी एक. तेव्हा युरोपात नोकरीसाठी एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या माणसांच्या आरोग्यविम्यावर मी बोलणार आहे, याचं आपल्याला नवल वाटेल. नवल मलाही वाटतं. पण हा विषय मी निवडला नाही. तो एका रात्री फोनवरून आमच्या घरात आला.

नोव्हेंबर २०२३. रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि धाकट्या लेकीचा फोन आला. ती आणि जावई चार वर्षं जर्मनीत आखेन या गावी होते. त्या ऑगस्टच्या अखेरीस दोघं नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्तला राहायला गेले, कारण लेकीला तिथे अधिक चांगली नोकरी मिळाली होती. आखेन ते मास्ट्रिख्त अंतर किती, तर सोलापूरहून अक्कलकोटला जावं साधारण तेवढं. त्या वेळी वाटेत ना नाका होता, ना कुणी कागद विचारत होतं. एक निळी पाटी लागते. तिच्यावर पिवळ्या ताऱ्यांचं वर्तुळ आणि मध्ये देशाचं नाव. पाटी मागे पडली की देश बदलला. लेकीला तेव्हा सातवा महिना होता. ती म्हणाली, "अब्बा, अडीच महिने झाले, मी विम्याशिवाय हिंडतेय. मला कळलंच नाही."

झालं होतं ते असं. मास्ट्रिख्तला गेल्यावर तिने तिथल्या सुईणीकडे नाव नोंदवलं. तिकडची सुईण म्हणजे चार वर्षं शिकून परवाना मिळवलेली बाई. बाळंतपण सरळ असेल तर ते तिच्याच देखरेखीखाली होतं. लेकीने आपलं जर्मन विमा कार्ड दाखवलं. त्याच्या मागच्या बाजूला ताऱ्यांचं चिन्ह असलेलं युरोपीय कार्ड छापलेलं असतं. ते बघून सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं गेलं, कुणी हरकत घेतली नाही. मग नोव्हेंबरात जर्मन विमासंस्थेचं पत्र जुन्या पत्त्यावरून फिरत फिरत आलं. '३१ ऑगस्टला आपली इथली नोकरी संपली. १ सप्टेंबरपासून आपण दुसऱ्या देशात काम करता, म्हणून आपण आमच्या सभासद नाही. त्यानंतर कार्ड वापरलं असल्यास तो खर्च आमचा नाही.' तोवरची बिलं साडेसातशे युरोंची झाली होती आणि खरं बाळंतपण तर पुढेच होतं.

लिहून काढल्याशिवाय मला काही कळत नाही. पुढचे आठ दिवस लेक रोज संध्याकाळी तिकडचे नियम वाचून दाखवायची आणि मी इकडे वहीत मराठीत उतरवून घ्यायचो. ती वही अजून आहे. ओळखीपाळखीत कुणाचा मुलगा म्युनिकहून पॅरिसला निघाला, कुणाची सून डब्लिनहून बर्लिनला चालली की आईवडील विचारायला येतात. त्यांना मी जे सांगतो तेच आज आपल्याला सांगतो.

आपल्या मराठीत विमा हा शब्द फारसीकडून आला. 'बीम' म्हणजे भीती, तिच्याशी त्याचं नातं सांगतात. भीतीपोटी केलेली सोय, ती विमा. पण सोय आहे असं वाटतं आणि ती नसते, तेव्हा भीतीही वाटत नाही. माझ्या लेकीचे अडीच महिने असे गेले होते.

आता मूळ गैरसमज काय होता ते पाहू. इथे बसून आपल्याला युरोप एक वाटतो. बऱ्याच देशांत नाणं एक, व्हिसा एक, सीमेवर विचारपूस नाही, तेव्हा विमाही एकच असेल असं आपण धरून चालतो. तसं नाही. युरोपीय संघात २७ देश आहेत आणि आरोग्याच्या २७ वेगळ्या व्यवस्था आहेत. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८३ मध्ये, कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. तिथे आजही पगारातून हप्ता कापला जातो. मूळ दर १४.६ टक्के, अर्धा मालकाचा आणि अर्धा नोकराचा, वर संस्थेनुसार थोडी भर. इटली, स्पेन, स्वीडन इथे करातून चालणारी सार्वजनिक सेवा आहे आणि ती मुख्यतः तिथे राहण्याशी जोडलेली आहे. फ्रान्समध्ये सरकारी विमा खर्चाचा एक भाग भरून देतो आणि उरलेल्यासाठी पूरक विमा असतो. २०१६ पासून तो पूरक विमा नोकरांना देणं खासगी मालकांवर बंधनकारक आहे. नेदरलँड्समध्ये २००६ पासून प्रत्येक प्रौढाने विमा कंपनीकडून मूळ पॉलिसी घ्यायचीच असा कायदा आहे. कंपनी खासगी असते, पण मूळ पॉलिसीत काय असावं ते सरकार ठरवतं, आणि आजारी किंवा म्हाताऱ्या माणसाला ती पॉलिसी नाकारता येत नाही.

एका रांगेतली २७ घरं समजा. प्रत्येक घराचा स्वयंपाक वेगळा, भांडी वेगळी. युरोपीय संघाने सगळ्यांचा स्वयंपाक एक केलेला नाही. त्याने एवढंच ठरवलं, की माणूस या घरातून त्या घरात जात असताना मधल्या ओसरीवर उपाशी राहता कामा नये.

हे का ठरवावं लागलं, त्यामागे कष्टकऱ्यांचा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतली हजारो गरीब माणसं बेल्जियमच्या कोळसा खाणींत कामाला गेली. ८ ऑगस्ट १९५६ रोजी मार्सिनेल इथल्या खाणीत आग लागली आणि २६२ माणसं मेली. त्यातली १३६ इटलीची होती. घाम एका देशात गाळायचा आणि बायकामुलं दुसऱ्या देशात, अशा माणसांच्या आजारपणाचं, अपघाताचं, म्हातारपणाचं कोण बघणार हा प्रश्न त्या पिढीपुढे रोजचा होता. १९५७ च्या रोमच्या करारात त्यासाठी कलम घातलं गेलं, आणि संघाने १९५८ मध्ये जे अगदी पहिले नियम केले त्यांतला तिसरा आणि चौथा नियम स्थलांतरित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा होता. १९७१ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. आज चालतो तो नियम ८८३/२००४. तो मे २०१० पासून लागू झाला.

आपल्या मुलांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. आधी हे नियम मुख्यतः युरोपीय देशांच्या नागरिकांसाठी होते. २००३ मध्ये ते इतर देशांच्या नागरिकांनाही लागू करण्यात आले. त्यासाठीचा सध्याचा कायदा २०१० चा, २०११ पासून लागू असलेला. अट अशी, की माणूस तिथे कायदेशीर राहत असला पाहिजे आणि त्याचा संबंध एकाहून अधिक देशांशी आलेला असला पाहिजे. म्हणजे भारतीय पासपोर्टवर जर्मनीहून नेदरलँड्सला गेलेली माझी लेक त्यात बसते. डेन्मार्क मात्र त्यात सामील नाही. नॉर्वे, आइसलँड आणि स्वित्झर्लंड या संघाबाहेरच्या देशांनाही ही तरतूद लागू नाही. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

आता या सगळ्या नियमांचा पाया. तो चार शब्दांत सांगता येतो: एका वेळी एकच देश. आणि तो देश कुठला? तर जिथे तुम्ही काम करता तो. पासपोर्ट कुठला, कंपनीचं मुख्य कार्यालय कुठे, बँकेचं खातं कुठे, हे विचारात येत नाही. काम बदलून देश बदलला की त्या दिवसापासून जुन्या देशाचा विमा संपतो आणि नव्या देशाचा कायदा लागू होतो. दोन्हीकडे एकदम हप्ता भरायचा नाही आणि दोन्हीकडून सुटायचंही नाही.

लेकीच्या शेजारच्या गृहस्थांचं उदाहरण घ्या. ते राहतात मास्ट्रिख्तला आणि रोज कामाला जातात आखेनला. त्यांचा विमा जर्मनीचा, कारण काम जर्मनीत. मग सर्दीखोकल्याला दर वेळी सीमा ओलांडायची का? नाही. जर्मन विमासंस्था त्यांना एस-वन नावाचा कागद देते. तो नेदरलँड्समध्ये नोंदवला की घराजवळच्या डॉक्टरकडेही उपचार मिळतात आणि हिशेब दोन देशांच्या संस्था आपसात मिटवतात. पण हेच गृहस्थ उद्या घरी बसून काम करू लागले तर? दोन देशांत काम होत असेल आणि त्यातलं २५ टक्के किंवा अधिक राहत्या देशात होत असेल, तर विमा राहत्या देशाकडे सरकतो. करोनानंतर घरून काम वाढलं, तेव्हा १ जुलै २०२३ पासून बऱ्याच देशांनी आपसात करार करून ही मर्यादा सैल केली. संगणकावरून घरी होणारं काम निम्म्याहून कमी असेल तर मालक आणि नोकर यांच्या संमतीने आणि रीतसर अर्ज करून विमा मालकाच्या देशात ठेवता येतो. जर्मनी आणि नेदरलँड्स दोघेही त्या करारात आहेत.

पायाच्या नियमाला एक मोठा अपवाद आहे. कंपनीनेच आपल्या माणसाला थोड्या काळासाठी दुसऱ्या देशात पाठवलं, तर २४ महिन्यांपर्यंत तो जुन्याच देशाच्या विम्यात राहू शकतो. त्यासाठी ए-वन नावाचा दाखला निघतो. म्हणून मी आईवडिलांना पहिला प्रश्न हाच विचारतो, की मुलगा कंपनीने पाठवला म्हणून चालला आहे, की नवी नोकरी धरून? बाहेरून दोन्ही प्रवास सारखेच दिसतात. विम्याच्या दृष्टीने ते दोन टोकांना आहेत.

लेकीला फसवलं ते त्या ताऱ्यांच्या कार्डाने. २००४ पासून मिळणारं हे युरोपीय आरोग्यविमा कार्ड फार चांगली वस्तू आहे. ते फुकट मिळतं. पण ते पाहुण्याचं कार्ड आहे. जर्मनीत विमा असलेला माणूस आठ दिवस स्पेनला फिरायला गेला आणि पाय मोडला, तर ते दाखवून त्याला सरकारी व्यवस्थेत तिथल्या लोकांच्या बरोबरीने उपचार मिळतात. तात्पुरता मुक्काम आणि परत जाईपर्यंत थांबता येणार नाही असे उपचार, एवढंच त्याचं क्षेत्र. खासगी दवाखाना त्यात येत नाही. माणसाला घरी परत आणण्याचा खर्च येत नाही. मुद्दाम उपचारांसाठी किंवा बाळंतपणासाठीच गेलात तर ते चालत नाही. आणि ज्या विम्याच्या जोरावर ते कार्ड निघालं तो विमा संपला की छापलेली तारीख पुढची असली तरी कार्डाचा जीव गेलेला असतो. लेक पाहुणी म्हणून मास्ट्रिख्तला गेली नव्हती. ती तिथे राहायला आणि कमवायला गेली होती.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. मघाशी ज्या देशांची नावं घेतली, त्या डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंडमध्ये आपल्या मुलांचं हे कार्ड चालत नाही. शेजारच्या टेबलावरच्या जर्मन सहकाऱ्याचं चालतं, आपल्या मुलाचं नाही. शनिवार-रविवार जोडून आल्प्सचा बर्फ बघायला निघालेल्या पोरांना प्रवासविमा काढायला सांगा.

लेकीचा गोंधळ असा सुटू लागला. जावयाचा गोंधळ वेगळाच होता. त्याने जर्मनीतली नोकरी सोडली होती आणि नेदरलँड्समध्ये त्याला अजून काम मिळालं नव्हतं. जर्मनीतल्या सरकारी विम्यात कमाई नसलेला नवरा किंवा बायको जोडीदाराच्या विम्यात वेगळा हप्ता न भरता सामावते. त्याला वाटलं, इथेही बायकोच्या पॉलिसीत आपलं नाव लागेल. पण नेदरलँड्समध्ये १८ वर्षांवरच्या प्रत्येकाची पॉलिसी स्वतंत्र आणि हप्ताही स्वतंत्र. मुलांना १८ पर्यंत हप्ता नाही, पण त्यांचंही नाव नोंदवावं लागतं. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना पहिल्या घराच्या चालीरीती सोबत घेऊन गेलं की हे असं होतं.

शिवाय जावयाला जर्मनीहून हप्त्याची मागणी येऊ लागली. आपण चक्रावलो, की लेकीला म्हणतात तू आमची नाहीस आणि याला म्हणतात पैसे भर! कारण असं, की जर्मनीत कुणी विम्याशिवाय राहू नये म्हणून नोकरी सुटली तरी विमा पुढे आपोआप चालू ठेवतात. देश सोडल्याचा किंवा दुसरीकडे विमा असल्याचा पुरावा दिला की तो बंद होतो. लेकीची नवी नोकरी त्यांना कळली होती. जावई मात्र त्यांच्या लेखी अजून आखेनमध्येच होता, कारण गावाच्या कचेरीत 'आम्ही निघालो' अशी नोंद करून दाखला घ्यायचं त्याच्याकडून राहून गेलं होतं. तिकडे गावात आल्याची नोंद करतात तशी गेल्याचीही करतात.

मग मार्ग निघाला तो कायद्यातल्या एका दयाळू तरतुदीतून. नेदरलँड्समध्ये विमा घेण्याचं बंधन सुरू झाल्या दिवसापासून चार महिन्यांच्या आत पॉलिसी घेतली, तर ती मागच्या तारखेपासून, म्हणजे त्या पहिल्या दिवसापासून लागू होते. मधल्या काळाचा हप्ता भरावा लागतो आणि मधल्या काळाचा खर्चही मिळतो. चार महिने उलटले की पॉलिसी घेतल्या दिवसापासूनच सुरू होते. मागची बिलं ज्याची त्याने भरायची. त्यापुढेही विमा घेतला नाही तर सरकारी पत्र येतं आणि मग दंड होतो. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर हे लेकीचे चार महिने होते. आम्ही नोव्हेंबरच्या मध्यावर होतो.

दोघांनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पॉलिसी घेतल्या. दोघांचे चार महिन्यांचे हप्ते मिळून अकराशे युरोंच्या वर गेले, म्हणजे लाखभर रुपये. एकदम भरताना जड गेलं. पण सुईणीची आणि सोनोग्राफीची बिलं नव्या कंपनीने उचलली. रक्ततपासणीचे पैसे लेकीला द्यावे लागले, कारण तिथे वर्षाला ठरावीक रकमेपर्यंतचा पहिला खर्च रुग्णाचा असतो. २०१६ पासून २०२५ पर्यंत ही रक्कम ३८५ युरो होती. घरच्या डॉक्टरकडे जाणं आणि सुईणीची सेवा त्यातून वगळलेली आहे. पैशाच्या भीतीने माणसाने डॉक्टरचं दारच टाळू नये, हा त्यामागचा विचार.

यादरम्यान लेकीच्या मनात आलं, की आखेनची ओळखीची डॉक्टर बरी होती, तिथे जाऊन बाळंत व्हावं का? तर तसं उठून जाता येत नाही. ठरवून दुसऱ्या देशात उपचार घ्यायचे तर आधी आपल्या विमासंस्थेची मंजुरी लागते. ती मिळाली की एस-टू नावाचा कागद मिळतो. यालाही एक पर्याय आहे आणि तो एका चष्म्यामुळे निर्माण झाला. लक्झेंबर्गमधल्या एका गृहस्थांनी सीमेपलीकडे बेल्जियममधल्या आर्लों गावातून चष्मा घेतला. आधी विचारलं नव्हतं म्हणून विमासंस्थेने पैसे नाकारले. लक्झेंबर्गमधल्याच दुसऱ्या एका बापाला मुलीच्या दातांचे उपचार जर्मनीतल्या ट्रिअरमध्ये करायचे होते, त्याला मंजुरी नाकारली गेली. १९९८ मध्ये युरोपीय न्यायालयाने दोघांच्या बाजूने निकाल दिला. माल आणि सेवा सीमेपलीकडून घेण्याचं स्वातंत्र्य आहे, तर चष्मा आणि दात त्याला अपवाद का? त्या निकालाच्या वाटेने पुढे २०११ चा युरोपीय कायदा आला. आता दुसऱ्या देशात उपचार घेऊन बिल आपल्या संस्थेकडे मागता येतं. पण आपल्या देशात त्या उपचाराला जेवढे पैसे मिळाले असते तेवढेच मिळतात, आधी खर्च आपण करायचा असतो, आणि दवाखान्यात मुक्काम लागणाऱ्या उपचारांना मंजुरी मागितली जाऊ शकते. लेकीने हिशेब केला आणि ती मास्ट्रिख्तलाच थांबली.

या नियमांत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की माणसाचे मागे काढलेले दिवस वाया जात नाहीत. जर्मनीचंच पाहा. तिथल्या सरकारी विमासंस्थेत स्वेच्छेने सभासद राहायचं तर त्याआधी सलग १२ महिने किंवा मागच्या पाच वर्षांत २४ महिने विमा असावा लागतो. हे महिने मोजताना दुसऱ्या युरोपीय देशातल्या अशाच विम्याचे महिनेही धरले जातात. म्हणून एक देश सोडताना तिथल्या संस्थेकडून 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत विमा होता' असा दाखला मागून घ्यावा. आणि म्हणूनच तरुण, धडधाकट, भरपूर पगाराच्या मुलांनी जर्मनीत खासगी विमा स्वस्त दिसतो म्हणून लगेच तिकडे वळू नये. खासगी विमा या साखळीबाहेरचा आहे. त्याच्यावर ते ताऱ्यांचं कार्ड मिळत नाही, आणि ५५ वर्षं उलटल्यावर सरकारी विम्यात परत येणं जवळजवळ अशक्य होतं. पंचविशीत पंचावन्नचा विचार कोण करतो? मीही केला नव्हता.

भारत अर्थातच या रांगेतलं घर नाही. जर्मनी, नेदरलँड्स, बेल्जियम अशा काही देशांशी भारताने सामाजिक सुरक्षेचे करार केले आहेत. पण ते मुख्यतः निवृत्तिवेतनाच्या वर्गणीविषयी आहेत. त्यांच्या भरवशावर आजारपणाचा खर्च निघेल असं धरू नये. लेकीच्या बाळंतपणाला आम्ही दोघं गेलो, ते शेंगेन व्हिसावर. त्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्यविमा लागतो. बायकोला साखरेचा आजार आहे. पॉलिसी घेतल्यावर पहिल्यांदाच आयुष्यात मी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. आधीपासूनच्या आजाराचा खर्च त्यात नव्हता. मग तीन महिन्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह पिशवीत भरून घेतल्या.

आता वहीच्या शेवटच्या पानावरचं. युरोपात देश बदलून निघालेल्या मुलामुलींना मी एवढं विचारायला सांगतो. कंपनी पाठवतेय की नवी नोकरी आहे? नव्या देशात विमा कुठल्या तारखेपासून लागू होतो आणि तो घ्यायची मुदत किती? नेदरलँड्समध्ये ती चार महिने आहे, स्वित्झर्लंडमध्ये तीन. जोडीदार आपोआप येतो की त्याचा वेगळा? जुन्या देशात गेल्याची नोंद केली का, आणि तिथल्या संस्थेला कळवलं का? विम्याच्या महिन्यांचा दाखला हातात आहे का? जुनं कार्ड शेवटच्या दिवशी परत केलं का? आणि नव्या पत्त्यावर पत्रं येतील अशी सोय केली का? आमची सगळी धांदल एका उशिरा पोचलेल्या पत्राने झाली, हे विसरू नका. या सगळ्याला एक दुपार पुरते.

माझे वडील सोलापुरात गिरणीत होते. राज्य कामगार विमा योजनेचं त्यांचं ओळखपत्र अम्मी ट्रंकेत, निकाहनाम्याच्या शेजारी ठेवायची. आम्हा भावंडांचे ताप आणि खोकले त्याच कार्डावर निभावले. गिरणी सुटली तसं ते कार्डही सुटलं, आणि त्यानंतर अब्बांनी छातीतलं दुखणं पुष्कळ दिवस कुणाला सांगितलं नाही. कामाला जोडलेल्या विम्याची गोम तिथेच आहे. एक काम सुटून दुसरं लागेपर्यंतच्या फटीत माणूस पडतो. युरोपातल्या माणसांनी साठ-सत्तर वर्षं खटपट करून ती फट बरीच बुजवली आहे. पण कायदा फळी टाकून देतो, तिच्यावरून चालायचं आपल्यालाच असतं.

जानेवारी २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात नातीचा जन्म झाला. दुसऱ्याच दिवशी लेक घरी आली आणि तिच्या मागोमाग बाळंतिणीची काळजी घेणारी एक बाई रोज काही तास घरी येऊ लागली. बाळाला न्हाऊ घालणं, आईचं तापमान पाहणं, दूध नीट पाजतेय ना ते बघणं, सगळं तिने आठ दिवस केलं. त्यासाठी तासाला थोडे पैसे लेकीने दिले, बाकीचे विम्याने. तिची भाषा बायकोला येत नव्हती आणि बायकोची तिला. तरी बाळाला दुपट्यात घट्ट कसं गुंडाळायचं यावरून दोघींचा रोज वाद व्हायचा. पहिल्या आठवड्यातच जावयाने मुलीचं नाव विम्यात नोंदवलं. मुदत चार महिन्यांची होती. तो चौथ्या दिवशीच बसला.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)